निकेलच्या कणाआधीची तीस वर्षे

रसायनशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत कार्ल झिग्लर हे नाव बहुधा एकाच हकिकतीबरोबर येते. जर्मनीत रूर नदीकाठी म्यूलहाइम नावाचे शहर आहे. तिथल्या कोळसा संशोधन संस्थेत एका विद्यार्थ्याच्या पोलादी दाबपात्रात निकेलचा किंचित अंश राहून गेला, त्याने चालू प्रयोग बिघडवला, बिघाडाचा माग काढता काढता १९५३ साली एक नवा उत्प्रेरक हाती लागला आणि त्यावर पुढे पॉलिएथिलीन व पॉलिप्रॉपिलीन यांचा जगभरचा उद्योग उभा राहिला. दहा वर्षांनी, १९६३ साली, झिग्लर यांना इटलीच्या जुलिओ नाट्टा यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळाले. हकिकत सुटसुटीत आहे आणि खरीही आहे. पण ती ऐकून वाचक जो निष्कर्ष काढतो, की मोठे शोध शेवटी नशिबानेच लागतात, तो या प्रकरणापुरता तरी मला साफ अमान्य आहे. निकेलचा तो अंश बहुतेक प्रयोगशाळांत कोणाला काही न शिकवता मोरीत धुऊन गेला असता. म्यूलहाइममध्ये तो बोलका झाला, कारण ज्या अभिक्रियेत तो शिरला तिच्या घराण्याची एकूण एक लकब एका माणसाने जवळजवळ तीस वर्षे खपून माहीत करून घेतली होती. अभिक्रिया एरवी कशी चालते हे इतके नेमके ठाऊक होते की तिची चाल बदलताच ती चूक म्हणून बाजूला टाकावीशी वाटली नाही, तिचे कारण शोधावेसे वाटले. झिग्लर यांच्या संशोधनाचा हा परिचय याच मुद्द्याभोवती बांधला आहे, आणि त्यावर घेतले जाणारे आक्षेपही विचारात घेतले आहेत. त्यांतले काही आक्षेप वजनदार आहेत.

त्यासाठी थोडे रसायन समजून घ्यायला हवे. सेंद्रिय संयुगांत कार्बन साधारणपणे कार्बन, हायड्रोजन, ऑक्सिजन, नायट्रोजन यांच्याशी बांधलेला असतो. त्याला पोटॅशियम, लिथियम, मॅग्नेशियम किंवा ॲल्युमिनियमसारख्या धातूशी जोडले की बंधातले इलेक्ट्रॉन कार्बनकडे झुकतात आणि एरवी निवांत असणारा तो कार्बन कमालीचा आक्रमक होतो. अशा संयुगांना हवा सोसत नाही, दमटपणा सोसत नाही. त्यांतली काही तर बाटलीचे बूच उघडताच पेट घेतात. १९०० साली फ्रान्समध्ये व्हिक्टर ग्रीन्यार यांनी मॅग्नेशियमची अशी संयुगे सहज बनवण्याची रीत शोधली आणि त्यानंतर रसायनज्ञ त्यांच्याकडे एक हत्यार म्हणून पाहू लागले. संयुग तयार करायचे, ते दुसऱ्या पदार्थावर सोडायचे, नवा कार्बन-कार्बन बंध पदरात पाडून घ्यायचा आणि धातू फेकून द्यायचा. धातू आणि कार्बन यांचा हा बंध स्वतः कसा वागतो, तो कशात शिरतो, कशाने तुटतो आणि किती तापमानाला शरण येतो, हाच संशोधनाचा विषय करणारे लोक फार थोडे होते. झिग्लर त्यांपैकी एक. कासेलजवळच्या हेल्सा गावी १८९८ साली त्यांचा जन्म झाला. मारबुर्ग विद्यापीठात कार्ल फॉन आउव्हर्स यांच्या हाताखाली त्यांनी १९२० साली, वयाच्या एकविसाव्या वर्षी, डॉक्टरेट मिळवली. सुरुवातीचा त्यांचा प्रश्न प्लॅस्टिकपासून कोसभर दूर होता: कार्बनचे तीनच हात गुंतलेले असले आणि चौथा मोकळा राहिला, तर असा रेणू टिकतो का? या मुक्त मूलकांच्या नादात त्यांना पोटॅशियम-कार्बन संयुगे बनवावी लागली आणि तिथे त्यांच्या पुढच्या आयुष्याचा धागा हाती आला.

१९२० च्या दशकाच्या उत्तरार्धातला, हायडेलबर्ग विद्यापीठातला एक प्रयोग मला १९५३ च्या प्रयोगाइतकाच महत्त्वाचा वाटतो. ईथरमध्ये विरघळलेले असे एक पोटॅशियम संयुग, रंग गडद लाल. त्यात स्टिल्बीन नावाचा हायड्रोकार्बन टाकला आणि लाल रंग तत्काळ पिवळा झाला. स्टिल्बीनमध्ये ऑक्सिजन नाही, नायट्रोजन नाही, धातू-कार्बन बंधाने झडप घालावी असे नेहमीचे ठिकाणच नाही. आहे तो फक्त दोन कार्बनांमधला दुहेरी बंध. म्हणजे धातू आणि कार्बन यांची जोडी त्या दुहेरी बंधाच्या दोन टोकांना जाऊन बसली होती. यातली खरी मेख पुढे आहे. अशा बेरजेतून जे संयुग तयार होते त्यातही धातू-कार्बन बंध असतोच, म्हणजे ते पुन्हा दुसऱ्या दुहेरी बंधाला जोडून घ्यायला मोकळे. झिग्लर यांनी स्टिल्बीनवरून ब्युटाडाईनकडे मोर्चा वळवला आणि अल्कली धातूंच्या संयुगांना एकामागून एक ब्युटाडाईनचे रेणू कसे जोडले जातात याचा टप्प्याटप्प्याने माग काढला. सोडियमच्या साहाय्याने ब्युटाडाईनचे कृत्रिम रबर होते हे त्या काळी जर्मन उद्योगाला ठाऊक होते, पण आत काय घडते याबद्दल बोलणे मोघम असे. ही गूढ घडामोड नसून एकाच साध्या बेरजेची पुन:पुन्हा होणारी आवृत्ती आहे, हे त्यांनी दाखवून दिले. लांब साखळीत नवा रेणू दर वेळी धातू आणि साखळी यांच्या मध्ये शिरतो. केस टोकाला वाढत नाही, मुळाशी वाढतो, तशी ही साखळी धातूपाशी वाढते. पंचवीस वर्षांनंतरच्या उत्प्रेरकाचे वर्णन करायला हेच वाक्य पुरते.

हायडेलबर्गच्या त्या वर्षांत त्यांनी आणखी बरेच केले. १९३० साली कार्बनी हॅलाइडे आणि लिथियम धातू यांपासून लिथियम-कार्बन संयुगे थेट बनवण्याची रीत त्यांनी दिली. ब्युटिललिथियमची बाटली नाही अशी सेंद्रिय संश्लेषणाची प्रयोगशाळा आज सापडणे कठीण. अतिशय विरल द्रावणात काम करून मोठी कार्बन-वलये बांधण्याची त्यांची पद्धत कस्तुरीच्या सुगंधद्रव्यापर्यंत पोहोचली. एखादा दुसरा संशोधक एवढ्यावर उर्वरित आयुष्य काढता. १९३६ साली ते हाले विद्यापीठात रसायन संस्थेचे संचालक झाले, आणि १९४३ साली त्यांना म्यूलहाइमचे बोलावणे आले.

हे बोलावणे विचित्र होते. म्यूलहाइमची संस्था कोळशासाठी उभारलेली, रूरच्या खाणमालकांच्या पैशावर चालणारी. पहिले संचालक फ्रान्झ फिशर यांनी तिथेच हान्स ट्रॉप्श यांच्याबरोबर कोळशापासून द्रव इंधन करण्याची प्रसिद्ध रीत काढली होती. झिग्लर यांना कोळशाचे काडीचेही आकर्षण नव्हते आणि खाणींच्या गरजा आपल्याला बांधून टाकतील ही भीती होती. कार्बन संयुगांच्या संपूर्ण क्षेत्रात, कोळशाशी संबंध असो वा नसो, मनाला येईल ते काम करण्याची पूर्ण मोकळीक मिळणार असेल तर येतो, अशी अट त्यांनी घातली आणि ती मान्य झाली. स्वातंत्र्याच्या बाजूने बोलणारे लोक ही अट फार आनंदाने सांगतात. मला मात्र तिच्यात वेगळे काही दिसते. त्यांनी मोकळीक मागितली ती नवे काही सुरू करण्यासाठी नव्हे, जुने चालू ठेवण्यासाठी. वीस वर्षे ज्या धातू-कार्बन बंधावर ते काम करत होते त्यावरून हात काढावा लागू नये, एवढीच त्यांची मागणी होती. विशेष म्हणजे कोळशाशी संबंध नंतर आपसूक जुळला. रूरच्या कोक भट्ट्यांतून निघणाऱ्या वायूत एथिलीन असते आणि म्यूलहाइममध्ये त्याचा तुटवडा कधी पडला नाही.

युद्धानंतर या कामाचा दुसरा अध्याय सुरू झाला. एथिललिथियम तापवून शुद्ध करण्याचा प्रयत्न चालू असताना ते मोडत होते, त्यातून लिथियम हायड्राइड आणि एथिलीन निघत होते, आणि सुटलेले एथिलीन शिल्लक एथिललिथियमला जोडले जाऊन दोन कार्बनांची साखळी चारांची, चारांची सहांची होत होती. जुनाच खेळ, पण आता सर्वांत साध्या, सर्वांत स्वस्त दुहेरी बंधावर. अडचण एवढीच की लिथियम हायड्राइड गाळ होऊन खाली बसते आणि अभिक्रिया थांबते. हायड्राइड विरघळलेले राहावे म्हणून झिग्लर आणि हान्स-गेऑर्ग गेलर्ट यांनी त्या वेळी नव्यानेच उपलब्ध झालेले लिथियम-ॲल्युमिनियम हायड्राइड वापरून पाहिले, तर काम अपेक्षेपेक्षा कितीतरी सुरळीत झाले. मग कळले की त्यात लिथियमची गरजच नाही, खरा कर्ता ॲल्युमिनियम आहे. ट्रायएथिल ॲल्युमिनियम हा दिसायला पाण्यासारखा रंगहीन द्रव. हवेत आला की जळतो, पाण्याचा थेंब पडला तर स्फोट होतो. नायट्रोजनच्या आवरणाखाली त्याला हाताळायचे, सुमारे १०० अंश सेल्सिअस तापमान आणि १०० वातावरणांच्या आसपास दाब ठेवून एथिलीन द्यायचे, की ॲल्युमिनियमच्या तिन्ही हातांवर साखळ्या दोन-दोन कार्बनांनी वाढत जातात. याला त्यांनी बांधणीची अभिक्रिया म्हटले. किती एथिलीन दिले यावरून साखळ्यांची लांबी हिशेबाने सांगता येऊ लागली. साखळी बेसुमार लांबवता मात्र येईना. केव्हा ना केव्हा ती ॲल्युमिनियमपासून सुटते, टोकाला दुहेरी बंध घेऊन बाहेर पडते आणि तिच्या जागी नवी सुरू होते. मेणासारखे पदार्थ मिळत, प्लॅस्टिक मिळत नसे. वाढ आणि सुटका या दोन क्रियांची ही शर्यत झिग्लर यांच्या गटाला आता पाठ झाली होती, आणि पुढचा सगळा भाग याच शर्यतीवर अवलंबून आहे.

एरहार्ड होल्त्सकांप हा डॉक्टरेट करणारा विद्यार्थी. त्याने हीच बांधणीची अभिक्रिया लावली. पात्र उघडले तेव्हा लांब साखळ्यांचे नाव नाही. एथिलीनचे जवळजवळ सगळे ब्युटीन झालेले, म्हणजे दोन एथिलीन जोडले गेले की साखळी लगेच सुटलेली. इथे जरा थांबायला हवे. बहुतेक मार्गदर्शकांनी विद्यार्थ्याला पात्र नीट धुऊन प्रयोग पुन्हा करायला सांगितले असते आणि दुसऱ्या वेळी तो साधलाही असता. पण वाढ आणि सुटका यांचे प्रमाण ज्याला तोंडपाठ आहे त्याला हे ब्युटीन वेगळेच काही सांगते. वाढ नेहमीसारखीच सुरू झाली आहे, फक्त सुटका अफाट वेगवान झाली आहे. म्हणजे या भांड्यात सुटकेचा उत्प्रेरक आहे, आणि तो आपण टाकलेला नाही. मग झाडाझडती सुरू झाली. एथिलीन तपासले, ॲल्युमिनियम संयुग तपासले, पात्राच्या धातूपर्यंत चौकशी गेली. शेवटी गुन्हेगार सापडला तो निकेल, तोही इतका थोडा की मुद्दाम शोधल्याशिवाय कोणाच्या ध्यानात येऊ नये. ठरवून निकेलचे संयुग टाकले तेव्हा अगदी तेच ब्युटीन मिळाले. हा निष्कर्ष पक्का झाला आणि तिथेच गोष्ट संपू शकली असती, कारण विद्यार्थ्याचा प्रयोग निकेल टाळून आता बिनघोर पार पडणार होता.

ती संपली नाही याचे कारण पुढचा प्रश्न. निकेल सुटका वाढवत असेल तर आणखी कोणते धातू ती वाढवतात? आणि उलट करणारा, वाढीला जोर देणारा, एखादा असेल का? आवर्तसारणीतल्या संक्रमण धातूंची संयुगे ओळीने घेऊन ॲल्युमिनियम संयुगात मिसळायला सुरुवात झाली. हाइन्त्स ब्राइल या विद्यार्थ्याने झिर्कोनियमचे ॲसिटिलॲसिटोनेट घेतले तेव्हा पात्र पांढऱ्या घन पदार्थाने गच्च भरलेले निघाले. ते पॉलिएथिलीन होते, लांबलचक आणि सरळ साखळ्यांचे. त्यानंतर हाइन्त्स मार्टिन यांनी टायटॅनियम टेट्राक्लोराइड घेतले. ऑक्टोबर १९५३ अखेर असे दिसून आले की या मिश्रणाला दाबपात्रसुद्धा नको. काचेच्या भांड्यात हायड्रोकार्बनाचा द्रव, त्यात ॲल्युमिनियम आणि टायटॅनियम यांच्या मिश्रणाचा काळपट गढूळ गाळ, त्यातून एथिलीनचे बुडबुडे सोडायचे, एवढीच तयारी. एथिलीन भराभर शोषले जाते, भांडे आपोआप तापते, द्रव घट्ट होत होत लापशीसारखा होतो. मग अल्कोहोल टाकून उत्प्रेरक मारला की काळेपणा जाऊन पांढरी भुकटी उरते. पुढे हे प्रात्यक्षिक घरी फळे मुरवायच्या काचेच्या बरणीत दाखवले जाई. त्याचा अर्थ कळायला शेजारी दुसरे चित्र ठेवायला हवे. इंग्लंडमध्ये इंपीरियल केमिकल इंडस्ट्रीजच्या प्रयोगशाळेत १९३३ साली पॉलिएथिलीन प्रथम मिळाले तेव्हापासून ते बनवायला हजार ते दोन हजार वातावरणांचा दाब लागत असे, आणि जो पदार्थ मिळे त्याच्या साखळ्यांना फांद्या असल्याने तो मऊ असे आणि कमी तापमानाला वितळे. वीस वर्षे साऱ्या उद्योगाला वाटत होते की एथिलीनला वाकवायचे तर बळच हवे. नोव्हेंबर १९५३ मध्ये झिग्लर यांनी पेटंटचा अर्ज केला.

आता आक्षेप. पहिला अर्थातच नशिबाचा: कसेही म्हटले तरी निकेल आले नसते तर टायटॅनियम आले नसते. उत्तर म्हणून मी दोन प्रसंग पुढे ठेवतो. १९४३ साली लुडविग्सहाफेनच्या कारखान्यात माक्स फिशर या रसायनज्ञाने ॲल्युमिनियमची भुकटी, ॲल्युमिनियम क्लोराइड आणि टायटॅनियम टेट्राक्लोराइड यांच्यावर एथिलीन सोडून तेले आणि काही घन पॉलिएथिलीन मिळवले होते आणि त्याचे पेटंटही मागितले होते. आजच्या दृष्टीने पाहिले तर म्यूलहाइमचा उत्प्रेरक तिथे दहा वर्षे आधी, सगळ्या घटकांसह, भांड्यात होता. पण ॲल्युमिनियम-कार्बन बंध तिथे घडत असेल, तोच कामाला येत असेल, याची कल्पना यायला आधार नव्हता, म्हणून ते निरीक्षण तसेच पडून राहिले. दुसरा प्रसंग नंतरचा. १९७० च्या दशकात हॅम्बुर्गला हान्सयॉर्ग सिन आणि वाल्टर कामिन्स्की यांचा गट याच घराण्यातल्या विरघळणाऱ्या उत्प्रेरकांवर काम करत होता. ते उत्प्रेरक जवळजवळ निष्क्रिय होते. पाणी तर ॲल्युमिनियम संयुगांचे वैरी, ते चुकूनही शिरू द्यायचे नाही हा नियम. एकदा थोडे पाणी शिरले आणि मेलेला उत्प्रेरक धडाक्याने चालू लागला. पाणी आणि ट्रायमिथिल ॲल्युमिनियम यांच्या संयोगातून तयार झालेला पदार्थ, मिथिलॲल्युमिनॉक्झेन, हा त्याचा कर्ता ठरला, आणि त्यातून प्लॅस्टिकच्या साखळ्या हव्या तशा घडवण्याची नवी शाखा जन्मली. योगायोग दोन्हीकडे झाला, लुडविग्सहाफेनलाही आणि हॅम्बुर्गलाही. फरक पडला तो त्या क्षणी समोरच्या माणसाला काय ठाऊक होते याने. योगायोग सगळीकडे होतच असतात, त्यामुळे एकाला शोध लागतो आणि दुसऱ्याला नाही याचे स्पष्टीकरण ते देऊ शकत नाहीत.

दुसरा आक्षेप अधिक अवघड आहे. अमेरिकेत ओक्लाहोमातल्या बार्टल्सव्हिल येथे फिलिप्स पेट्रोलियम कंपनीच्या पॉल होगन आणि रॉबर्ट बँक्स यांनी १९५१ सालीच क्रोमियम ऑक्साइडच्या उत्प्रेरकावर, मध्यम दाबाला, सरळ साखळीचे पॉलिएथिलीन मिळवले होते. ते पेट्रोलसाठी उपयोगी पडेल असे काहीतरी शोधत होते, धातू-कार्बन बंधाची तीस वर्षांची तपश्चर्या त्यांच्या गाठीशी नव्हती. मग माझा मुद्दा कोसळतो का? हे मान्य करायला हवे की झिग्लर नसते तरी सरळ साखळीचे पॉलिएथिलीन जगाला मिळाले असते. आजही जगातल्या उत्पादनाचा मोठा वाटा क्रोमियमच्या वाटेने येतो. पण दोन शोधांतून पुढे काय फुटले ते पाहावे. क्रोमियमचा उत्प्रेरक उत्तम चालला, तरी त्याच्या पृष्ठभागावर नेमके काय घडते यावर रसायनज्ञ कित्येक दशके वाद घालत राहिले. म्यूलहाइमच्या उत्प्रेरकाचे तसे झाले नाही. धातूपाशी वाढणारी साखळी, तिची सुटका आणि दोन धातूंचे नाते ही भाषा पहिल्या दिवसापासून हाताशी होती, म्हणून प्रश्न विचारता आले. ज्या निकेलने सारे बिघडवले होते त्याच्याचकडे झिग्लर यांचे उत्तराधिकारी गुंथर विल्के वळले आणि त्यांनी निकेल-कार्बन संयुगांचे सबंध शास्त्र उभे केले. त्यांचे विद्यार्थी विल्हेल्म काइम यांनी पुढे शेल कंपनीत निकेलच्याच उत्प्रेरकाने एथिलीनपासून हव्या त्या लांबीच्या साखळ्या बनवण्याची औद्योगिक रीत घडवली. वस्तू मिळवायला दुसरी वाट होती हे खरेच. हे शास्त्र मात्र त्या वाटेवर नव्हते.

तिसरी गोष्ट आक्षेप म्हणून फारशी मांडली जात नाही, पण मला ती सर्वांत बोचते. खोल ज्ञानामुळे वेगळेपण दिसते असे मी म्हणतो आहे. तर मग प्रॉपिलीन झिग्लर यांच्या हातून निसटले कसे? नाट्टा यांनी १९५२ साली फ्रँकफुर्टमध्ये झिग्लर यांचे व्याख्यान ऐकले होते. त्यानंतर नाट्टा ज्यांचे सल्लागार होते त्या माँटेकातिनी कंपनीने म्यूलहाइमशी करार केला आणि नव्या उत्प्रेरकाची माहिती त्या करारान्वये मिलानला पोहोचली. मार्च १९५४ मध्ये नाट्टा यांच्या गटाने प्रॉपिलीनचे बहुवारिक केले, क्ष-किरणांनी त्याची रचना तपासली आणि त्यातल्या साखळ्यांवरचे मिथिल गट शिस्तीने एकाच बाजूला लागलेले आहेत हे दाखवले. पेटंटचा अर्ज इटलीतून आधी गेला. दोघांचे संबंध यावरून कायमचे बिघडले, आणि अमेरिकेत तर पॉलिप्रॉपिलीनच्या हक्काचा खटला काही दशके चालून निकाल फिलिप्सच्या बाजूने लागला. झिग्लर यांच्यावर अन्याय झाला असे त्यांचे चाहते म्हणतात आणि कराराच्या दृष्टीने त्यात तथ्य असेलही. पण एवढ्याने समाधान होत नाही. ॲल्युमिनियमच्या जुन्या बांधणीत प्रॉपिलीनचे फक्त दोन रेणू जोडले जातात आणि साखळी लगेच सुटते, हे म्यूलहाइममध्ये पक्के ठाऊक होते. माझा तर्क असा की नव्या उत्प्रेरकाकडे पाहतानाही ही जुनी माहिती मनात ठाण मांडून बसली असावी. प्रॉपिलीनची घाई करावी असे तिथे कोणाला वाटले नाही. नाट्टा यांच्यापाशी ते ओझे नव्हते, आणि क्ष-किरणांनी साखळी वाचण्याचे कसब होते. म्हणजे ज्या ज्ञानाने निकेल दाखवले त्यानेच प्रॉपिलीन झाकले असेल. हे मान्य केल्याने माझा मुद्दा दुबळा होत नाही, त्याची मर्यादा कळते. नेहमीची चाल पाठ असण्याने अनपेक्षित घडलेले दिसते. जे घडायची आपण वाटच पाहत नाही ते घडवून पाहायला दुसरा कोणी लागतो.

चौथा आक्षेप आज सर्वांच्या ओठावर आहे: ज्या पदार्थाने नद्या, समुद्र आणि गुरांची पोटे भरली त्याच्या शोधाचे कौतुक का करावे? या प्रश्नाला बगल देता येणार नाही. पॉलिएथिलीन कुजत नाही ही गोष्ट त्याच्या सरळ, संपृक्त साखळीतच आहे. कारखान्यात ती गुण म्हणून विकली गेली आणि कचऱ्याच्या ढिगात ती दोष ठरली. मात्र झिग्लर यांच्या त्याच बांधणीच्या अभिक्रियेची दुसरी शाखा लोक विसरतात. ॲल्युमिनियमवरच्या मध्यम लांबीच्या साखळ्यांवर हवेची क्रिया करून पाण्याने सोडवल्या की सरळ साखळीची अल्कोहोले मिळतात, आणि त्यांपासून धुण्याचे अपमार्जक होतात. १९५० च्या दशकात जर्मनीतल्या नद्यांवर फेसाचे थर तरंगत, कारण तेव्हाच्या अपमार्जकांच्या फांद्या असलेल्या साखळ्या जिवाणूंना पचत नसत. सरळ साखळ्या पचतात. एकाच अभिक्रियेतून न कुजणारी वस्तू निघाली आणि कुजणारीही. कोणती कशासाठी आणि किती वापरायची हे ठरवण्याची जबाबदारी आपल्याला रेणूच्या गळ्यात बांधता येत नाही. टाकलेल्या पॉलिएथिलीनच्या साखळ्या तोडून त्यांपासून पुन्हा उपयोगी रसायने मिळवण्याचे जे प्रयत्न आज चालू आहेत, तेही उत्प्रेरकांच्याच भाषेत चालू आहेत.

पैशाबद्दल थोडेच. झिग्लर यांनी आपले शोध पेटंटांनी बांधले, परवाने विकले आणि त्या उत्पन्नावर म्यूलहाइमची संस्था दशकानुदशके स्वतःच्या पायावर उभी राहिली. सत्तराव्या वाढदिवशी, १९६८ साली, त्यांनी संस्थेसाठी ४ कोटी जर्मन मार्कांचा निधी स्थापन केला. १९७३ साली ते वारले. या कमाईमुळे त्यांच्या मूलभूत संशोधनाच्या दाव्याला बट्टा लागतो असे मला वाटत नाही. पैसा आला तो प्रश्न पुरा झाल्यावर, आणि पुन्हा प्रश्नांवरच खर्च झाला.

मराठी वाचकाला हा विषय दूरचा वाटण्याचे कारण नाही. जळगाव-नाशिककडच्या शेतांत ठिबकच्या ज्या काळ्या नळ्या पसरलेल्या असतात त्यांचे पॉलिएथिलीन बहुतांशी झिग्लर यांच्या घराण्यातल्या उत्प्रेरकांवर बनते. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत स्वामिनाथन शिवराम यांच्या गटाने याच उत्प्रेरकांवर दीर्घकाळ संशोधन केले आहे. आपल्या महाविद्यालयांत हा विषय शिकवलाही जातो, पण बहुधा एका समीकरणापुरता: टायटॅनियम टेट्राक्लोराइड अधिक ट्रायएथिल ॲल्युमिनियम, बाणाच्या पुढे बहुवारिक. परीक्षेला तेवढे पुरते. टायटॅनियमच्या शेजारी ॲल्युमिनियम कुठून आला, हा प्रश्न मात्र त्या समीकरणाला विचारता येत नाही.

म्हणून पुढील प्रकरणे वाचताना एक विनंती. घाईत असलेला वाचक थेट १९५३ चे प्रकरण उघडेल. नाट्यही तिथेच आहे. त्याआधीचे हायडेलबर्गचे प्रकरण रुक्ष वाटेल, त्यात पोटॅशियम संयुगांची लांबलचक नावे आहेत, ईथरचे द्रावण आहे, लाल रंग पिवळा होतो आणि पानेच्या पाने दुसरे काही घडत नाही. ते वगळू नये. रसायनाची सवय नसेल तर नावे सोडून द्यावीत आणि प्रत्येक प्रयोगात तीनच गोष्टी शोधाव्यात: धातू कोणता, तो कशाला जोडलेला होता, आणि शेवटी कशाला जोडलेला राहिला. होल्त्सकांपच्या पात्रातले ब्युटीन ज्या वहीत नोंदले गेले त्या वहीपर्यंत वाचक या तीन प्रश्नांसह पोहोचला, तर निकेलचा संशय त्याला स्वतःलाच येईल.